फर्ग्युसनचे माजी विद्यार्थी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२ जानेवारीला फर्ग्युसन कॉलेजचा वर्धापनदिन असतो. त्याच्या महिनाभर आधीपासून माझा फोन वाजायला लागतो. कुणाला स्मरणिकेसाठी नावं हवी असतात, कुणाला प्रश्नमंजूषेसाठी, कुणाला नुसती पैज जिंकायची असते. मी इथे फक्त अकरावी-बारावी केली, म्हणजे माझा अधिकार बेताचाच. पण गेली काही वर्षं ही नावं जमवायचा नाद लागला आहे. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली.

टिळक आणि आगरकर फर्ग्युसनचेच विद्यार्थी ना?

नाही. सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त वेळा चुकणारं उत्तरही हेच. एका कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर टिळकांच्या फोटोखाली 'आमचे माजी विद्यार्थी' असं छापलेलं मी स्वतः पाहिलं आहे. संयोजकांना सांगितलं, तर म्हणाले, आता लावलाय, राहू द्या.

साधा हिशेब करा. कॉलेज निघालं १८८५ मध्ये. टिळक बी.ए. झाले १८७६ मध्ये. दोघांचंही कॉलेज डेक्कन. तिथेच त्यांची गाठ पडली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आगरकर मागून येऊन मिळाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि पुढच्या जानेवारीत कॉलेज. म्हणजे ही मंडळी कॉलेज काढणारी आणि तिथे शिकवणारी. टिळक गणित शिकवत. १८९० मध्ये मतभेद विकोपाला गेले आणि ते सोसायटीतून बाहेर पडले. आगरकर राहिले, १८९२ मध्ये प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आतच, त्या पदावर असतानाच गेले.

आणखी एक गल्लत: पहिले प्राचार्य आगरकर नव्हेत. ते वामन शिवराम आपटे, संस्कृत-इंग्रजी कोशवाले.

मग गोखले? आणि महर्षी कर्वे?

दोघेही शिकवणाऱ्यांत. गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापूरचं राजाराम, पुण्याचं डेक्कन आणि मुंबईचं एल्फिन्स्टन असं करत १८८४ मध्ये बी.ए. झाले आणि इथे शिकवायला आले. कर्वे एल्फिन्स्टनचे. टिळक गेल्यावर गणिताची जागा मोकळी होती, ती भरायला गोखल्यांनी १८९१ मध्ये कर्व्यांना मुंबईहून बोलावून घेतलं. १९१४ पर्यंत ते इथे गणित शिकवत होते. लोकांकडून पैपैसा जमवून हिंगण्याचा आश्रम चालवणारे कर्वे सकाळी फळ्यावर गणितं सोडवून दाखवत, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

कर्व्यांच्या घरातलं नाव यादीत हवंच असेल तर मुलाचं घ्या: र. धों. कर्वे. तेही गणिताचेच, आणि पुढे संततिनियमनाच्या प्रचारापायी आयुष्यभर खटले आणि शिव्या झेलणारे. ते या कॉलेजात शिकले.

माजी विद्यार्थी म्हणायचं तरी कुणाला? पदवी घ्यायलाच हवी का?

आमचा नियम सोपा आहे: नाव पटावर होतं की तो माजी विद्यार्थी. पास झाला का, पदवी घेतली का, भांडून गेला का, हे विचारायचं नाही. पदवीची अट घातली तर पहिला बळी जाईल राम गणेश गडकऱ्यांचा.

गडकरी जन्मले १८८५ मध्ये, म्हणजे कॉलेज आणि ते एकाच वयाचे. मॅट्रिकला पोचायलाच एकोणीस वर्षं लागली. मग फर्ग्युसनला नाव घातलं आणि पहिल्याच वर्षी गणितात दांडी उडाली. त्या वेळी प्राचार्यांच्या खुर्चीत कोण होतं? रँग्लर परांजपे, केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आलेला पहिला भारतीय! गडकऱ्यांनी कॉलेजला रामराम ठोकला आणि किर्लोस्कर नाटक मंडळीत पोरांना शिकवायच्या कामाला लागले. पुढचं सगळं मराठी माणसाला माहीत आहे.

यादीत त्यांचं नाव घालताना एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, 'नापास झालेल्याचं नाव कशाला?' तर त्याचं उत्तर असं की कॉलेजला अभिमान वाटावा अशी जी नावं आहेत त्यांतली निम्मी कॉलेजला त्या वेळी डोकेदुखीच होती. सावरकरांचा प्रश्न पुढे येतोच आहे.

प्रीव्हियस, इंटर, पी.डी., पी.यू.सी., ज्युनियर कॉलेज: हे सगळं एकच का?

थोडक्यात, शाळा संपली आणि खरी पदवी अजून सुरू व्हायची आहे, त्या मधल्या पायरीची ही वेगवेगळ्या काळांतली नावं.

जुन्या मुंबई विद्यापीठात मॅट्रिकनंतर पहिल्या वर्षाची परीक्षा ती प्रीव्हियस. मग इंटर, मग बी.ए. मेडिकलला किंवा इंजिनियरिंगला जायचं तर इंटर सायन्स करून बाहेर पडायचं. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये झालं. पुढे अकरावीच्या एस.एस.सी.नंतर एक वर्ष प्री-डिग्रीचं. ज्यांची आता सत्तरी उलटली आहे ते अजून 'मी पी.डी. सायन्सला होतो तेव्हा' अशी सुरुवात करतात. १९७५ च्या सुमारास दहा अधिक दोन अधिक तीन आलं आणि त्या पायरीची अकरावी-बारावी झाली. कर्नाटकात तीच दोन वर्षं पी.यू.सी. म्हणून चालतात, म्हणून बेळगाव-निपाणीकडची मुलं 'पीयू कुठं केलंस?' असं विचारतात. अर्थ तोच.

लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की १९४९ च्या आधी फर्ग्युसनमधून झालेल्या कुणाचीही पदवी पुणे विद्यापीठाची नाही. पदवी मुंबईची, कॉलेज पुण्याचं. चरित्रलेखांत याचा हमखास घोळ होतो.

मी फक्त अकरावी-बारावीच केली. मी धरला जातो का?

धरला जाता. नाहीतर मी हे लिहायला बसलोच नसतो.

आणि सोबतही चांगली आहे. डॉ. श्रीराम लागू साताऱ्याचे. भावे हायस्कूल, मग फर्ग्युसन आणि तिथून बी. जे. मेडिकल. डॉक्टरकी करणाऱ्या त्या काळच्या प्रत्येकाची वाट अशीच जायची: इंटर सायन्स एका ठिकाणी, पदवी दुसरीकडे. म्हणून डॉक्टर आणि इंजिनियर मंडळींच्या बाबतीत दोन-तीन कॉलेजं एकाच माणसावर हक्क सांगतात, आणि सगळ्यांचं खरं असतं.

सावरकरांना कॉलेजमधून काढलं होतं का?

कॉलेजमधून नाही, वसतिगृहातून. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण त्याच वर्षी ते इथूनच बी.ए. झाले.

सावरकर १९०२ मध्ये नाशिकहून आले. १९०५ मध्ये वंगभंगाची चळवळ पेटली. ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुमारास, सावरकरांनी आणि त्यांच्या मित्रांनी पुण्यात परदेशी कापडाची होळी केली. टिळक तिथे बोलले, 'काळ'कर्ते शि. म. परांजपे बोलले. कॉलेजने सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहाबाहेर काढलं. तेव्हाचे प्राचार्य रँग्लर परांजपे.

इथे जपून: दोन परांजपे आहेत. होळीपुढे भाषण करणारे शिवराम महादेव, दंड करणारे रघुनाथ पुरुषोत्तम. एकदा एका निवेदकाने दोघांचा एकच माणूस करून टाकला. म्हणजे आधी भाषण करून होळी पेटवायची आणि मग घरी येऊन पोराला दंड ठोकायचा! सभागृहात हसणारा मी एकटाच होतो.

दहा रुपये आज चहा-क्रीमरोलचेही नाहीत, पण तेव्हा विद्यार्थ्याला ती रक्कम जड होती. मदत म्हणून लोकांनी पैसे गोळा केले. पुढे १९०६ मध्ये टिळकांच्या शिफारशीने श्यामजी कृष्णवर्मांची शिष्यवृत्ती मिळून सावरकर लंडनला गेले. काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यावर मुंबई विद्यापीठाने त्यांची बी.ए.ची पदवी काढून घेतली. ती परत केली १९६० मध्ये. ज्या वसतिगृहातून काढलं तिथली त्यांची खोली मात्र कॉलेजने आज जपून ठेवली आहे.

गव्हर्नरवर गोळ्या झाडल्या तो विद्यार्थी कोण?

वासुदेव बळवंत गोगटे. २२ जुलै १९३१. हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन कॉलेज बघायला आले होते आणि वाडिया ग्रंथालयात फिरत होते. गोगटे तिथेच शिकत होते. त्यांनी अगदी जवळून गोळ्या झाडल्या. हॉटसन थोडक्यात बचावले.

पार्श्वभूमी सोलापूरची. १९३० मध्ये तिथे मार्शल लॉ लागला आणि जानेवारी १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी झाली. त्याचा राग. गोगट्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर लोक त्यांना 'हॉटसन गोगटे' म्हणूनच ओळखत: ज्याच्यावर गोळी झाडली त्याचंच नाव आडनावाआधी येऊन बसलं.

ग्रंथालय अजून आहे. तिथे बसून बारावीच्या फिजिक्सची गणितं करताना मला हे काहीच ठाऊक नव्हतं.

दोन पंतप्रधान इथले, हे खरं का?

खरं आहे. पी. व्ही. नरसिंह राव आणि विश्वनाथ प्रताप सिंह, दोघेही बी.एस्सी.साठी इथे होते.

व्ही. पी. सिंहांचा विषय फिजिक्स. अलाहाबाद, बनारस आणि मग पुणे. मांडा संस्थानच्या राजाच्या घरात दत्तक गेलेल्या या मुलाला अणुशास्त्रज्ञ व्हायचं होतं.

नरसिंह राव आले हैदराबाद संस्थानातून, वंदे मातरम् चळवळीत तिथल्या शिक्षणाची वाट बंद झाल्यावर. पुढे कायदा नागपूरला. त्यांचं मराठी अस्सल होतं, पाहुण्याचं नव्हतं. हरिभाऊ आपट्यांची गाजलेली सामाजिक कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली, तीही राजकारणात पाय रोवून असताना. पंतप्रधानांच्या यादीत त्यांचं नाव सगळे घालतात. मला विचाराल तर ते मराठीच्या अनुवादकांच्या यादीतही घालायला हवं.

गांधीजींच्या बरोबरचं कुणी?

आचार्य कृपलानी. मुंबईचं विल्सन, कराचीचं डी. जे. सिंध आणि शेवटी फर्ग्युसन, इथून १९०८ मध्ये पदवी. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष तेच होते. त्यांच्या एक वर्ष पुढे साताऱ्याचे काका कालेलकर, १९०७ चे बी.ए. पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष. हे दोघे आणि सावरकर तीन वर्षांच्या अंतरात याच कॉलेजातून पदवीधर होऊन बाहेर पडले. पुढे तिघांच्या वाटा किती फाकल्या ते बघा.

गणितात नाव काढलेलं रँग्लरांशिवाय कोणी आहे का?

आहे, आणि मला या यादीतलं हे नाव सगळ्यांत आवडतं: दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९२३ मध्ये इथे आले, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं. पण प्राध्यापक कधी झाले नाहीत. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. हौस एकच, आकड्यांशी खेळायची. इथल्या बऱ्याच पंडितांनी त्यांना पोरकट ठरवलं; जगभरात नाव झालं ते फार उशिरा.

त्यांचा ६१७४ हा आकडा माहीत नसेल तर कागद घ्या. चार आकडी कुठलीही संख्या धरा, फक्त चारही अंक सारखे नकोत. आपण कॉलेजचं स्थापनावर्षच घेऊ, १८८५. अंक उतरत्या क्रमाने लावले तर ८८५१, चढत्या क्रमाने १५८८. वजाबाकी ७२६३. आता त्याचंच तसंच करा: ७६३२ वजा २३६७, आले ५२६५. पुढे ६५५२ वजा २५५६, म्हणजे ३९९६. मग ९९६३ वजा ३६९९, म्हणजे ६२६४. मग ६६४२ वजा २४६६, म्हणजे ४१७६. आणि ७६४१ वजा १४६७: ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येत राहणार. कुठलीही संख्या घेतली तरी सात पायऱ्यांच्या आत गाडी इथेच येऊन थांबते. मधे तीन अंक उरले तर पुढे शून्य धरायचं, एवढं पथ्य पाळा.

तुमच्या जन्मसालावर करून बघा. मी शाळेतल्या मुलांपुढे हे करतो तेव्हा पाचव्या पायरीपर्यंत चुळबुळ असते आणि सहाव्यानंतर कागद मागायला हात वर होतात. कापरेकरांनाही वर्गात हेच दिसत असणार.

यादीत बायका कुठे आहेत?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलींचं बरोबर आहे. स्मरणिकांमध्ये पहिल्या पानावर सगळे पगडी-टोपीवाले.

इरावती कर्वे १९२६ मध्ये इथून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. ब्रह्मदेशात जन्मल्या म्हणून इरावदी नदीवरून नाव. लहानपणीच पुण्यात हुजूरपागेत आल्या आणि रँग्लर परांजप्यांच्या घरात त्यांच्या मुलीबरोबर, शकुंतलेबरोबर, वाढल्या. लग्न झालं महर्षी कर्व्यांच्या मुलाशी, दिनकररावांशी, जे पुढे या कॉलेजचे प्राचार्य झाले. बर्लिनला जाऊन त्यांनी कवट्या मोजल्या आणि गोऱ्या वंशाची कवटीच श्रेष्ठ, या आपल्याच मार्गदर्शकाच्या सिद्धान्ताला मोजमापांत आधार सापडत नाही असं प्रबंधात लिहून आल्या. १९३० च्या जर्मनीत, हे विसरू नका. नंतरचं आयुष्य डेक्कन कॉलेजात गेलं, म्हणून लोक त्यांना तिकडचंच समजतात.

उलट गल्लत कॉर्नेलिया सोराबजींची. त्या डेक्कनच्या, फर्ग्युसनच्या नव्हेत.

गोव्याशी काही संबंध?

चांगला आहे. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात तुकड्या घेऊन हद्द ओलांडणाऱ्यांमध्ये ना. ग. गोरे आणि मधू लिमये होते. दोघेही फर्ग्युसनचे. दोघांनाही पोर्तुगीजांनी लांबलचक शिक्षा ठोठावल्या आणि दोघेही दीड वर्षाहून अधिक काळ तिथल्या तुरुंगात होते. लिमये १९३७ मध्ये कॉलेजात आले आणि आल्या आल्या विद्यार्थी चळवळीत पडले. १९४० मध्ये युद्धविरोधी भाषणांपायी धुळ्याच्या तुरुंगात साने गुरुजींबरोबर. गोऱ्यांचे जिवाभावाचे मित्र एस. एम. जोशी, संयुक्त महाराष्ट्र समितीचे, तेही इथलेच. म्हणजे त्या समितीच्या सभा गाजवणारे आचार्य अत्रे आणि एसेम, दोघेही एकाच कॉलेजचे. पुण्यात समाजवाद्यांची वंशावळ काढायला बसलात तर या आवारातूनच जावं लागतं.

बेंद्रे कन्नड कवी ना? ते पुण्यात कसे?

द. रा. बेंद्रे धारवाडचे, पण घरची भाषा मराठी. १९१८ मध्ये इथून बी.ए. झाले. पुण्यात असतानाच मित्रांना जमवून कवितेचं मंडळ चालवलं, आणि घरी मराठी बोलणारा हा मुलगा कन्नडमधला विसाव्या शतकातला थोर कवी ठरला. पुढे सोलापूरच्या दयानंद कॉलेजात कन्नड शिकवलं. १९७३ चा ज्ञानपीठ त्यांच्या कन्नड कवितेला मिळाला. सीमाभागातल्या मुलांनी हे नाव आवर्जून सांगावं. तिकडच्या वादात कुठल्याच बाजूला त्यांना नीट बसवता येत नाही.

पु. ल. कुणाचे: फर्ग्युसनचे की विलिंग्डनचे?

दोघांचे. बी.ए. फर्ग्युसन, एम.ए. सांगलीचं विलिंग्डन. दोन्ही कॉलेजं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचीच, तेव्हा घरातल्या घरातलं भांडण आहे. पार्ल्याचे लोक आणि इस्माईल युसुफवालेही मधे पडतील, त्यांना चहा द्यावा.

सिनेमातलं कोण?

सोनाली कुलकर्णी, राधिका आपटे. राधिका आपटेंचे विषय अर्थशास्त्र आणि गणित. बाकी नावं फिरतात, त्यांतली बरीचशी नुसती फर्ग्युसन रस्त्यावरच्या 'वैशाली' हॉटेलात दिसलेली असतात.

कॉलेजला नाव दिलं ते फर्ग्युसन तरी इथे शिकवत होते का?

नाही हो. सर जेम्स फर्ग्युसन हे तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर. त्यांनी बाराशे रुपयांची देणगी दिली.

आमचे आजोबा फर्ग्युसनला होते असं घरात सांगतात. नाव कसं शोधायचं?

आधी घरातला पेटारा उघडा. 'फर्ग्युसनला होते' याचे तीन अर्थ निघतात: कॉलेजला, वसतिगृहाला, किंवा फर्ग्युसन रस्त्यावर खोली घेऊन स. प. कॉलेजला. तिसऱ्या प्रकारचे आजोबा मला आजवर चार भेटले आहेत.

मग साल पक्कं करा. मॅट्रिकचं साल कळलं की पुढची दोन-तीन वर्षं तेवढीच बघावी लागतात. १९४९ च्या आधीचं असेल तर पदवीच्या नोंदीसाठी मुंबई विद्यापीठाकडे, नंतरचं असेल तर पुण्याकडे. आडनावावर भिस्त ठेवू नका. जुन्या नोंदींत आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आडनाव कधी इंग्रजी स्पेलिंगमध्ये भलतंच. एका बाईंनी वडिलांचं नाव 'के'खाली दोन महिने शोधलं. ते 'सी'खाली होतं, इंटर सायन्स, दुसरा वर्ग, आणि समोर पेन्सिलीने फीची थकबाकी: साडेचार रुपये. त्यांनी फोटो काढून घेतला आणि भरायची कुठे म्हणून खिडकीवर विचारून आल्या.